नाव नंतर, आधी मौजा सांगा

पूर्वी आमच्याकडे पाहुणा आला की ‘पाऊसपाणी कसं आहे’ असं विचारायचे. आता विचारतात, ‘कागद सापडला का?’ कुणाला जातीच्या दाखल्याची पडताळणी करायची असते, कुणाला वडिलांच्या जन्माची नोंद हवी असते, कुणाच्या शेताची वाटणी अडलेली असते. अकोला असो की अमरावती, हल्ली प्रत्येक घराला कधी ना कधी आजोबा-पणजोबांना शोधायला निघावं लागतं.

माझ्यावरही ती वेळ आली. पुतण्याची मुलगी हुशार. तिच्या कॉलेजप्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र हवं होतं. आम्ही पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या, हा आमचा पिढीजात धंदा. आमची जात इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहे, पण त्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. घरातल्या पेट्या उपसल्या. जुने शाळेचे दाखले निघाले. जातीच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द होता, ‘मुसलमान’. धर्म लिहून मास्तर मोकळे झाले होते. आता पोरीच्या प्रवेशाची तारीख जवळ आलेली आणि आमच्या हातात काहीच नाही.

मी अभिलेख कक्षात गेलो. अर्ज पुढे केला आणि आजोबांचं नाव सांगितलं. खिडकीपलीकडे निवृत्तीला आलेला एक कारकून होता. तो म्हणाला, ‘‘चाचा, नाव मंग सांगा. आंदी मौजा सांगा.’’

त्या एका वाक्यात या विद्येचं सार आहे, हे मला नंतर कळलं. आज तेच तुम्हाला सांगायचं आहे.

आपण कचेरीत नाव घेऊन जातो आणि दप्तर गावावर लावलेलं असतं. सरकारने कोणतंही रजिस्टर आपला वंश जपायला लिहिलेलं नाही. कुणी शेतसारा वसूल करण्यासाठी लिहिलं, कुणी साथीच्या रोगात किती माणसं मेली हे वर कळवण्यासाठी लिहिलं, कुणी खरेदीखतावर भांडण होऊ नये म्हणून लिहिलं. ज्या कचेरीने ज्या कामासाठी लिहिलं, त्याच क्रमाने ते बांधून ठेवलं. आधी जिल्हा, मग तालुका, मग मौजा, मग वर्ष. माणसाचं नाव सगळ्यात शेवटी.

मी कवी माणूस, मला हे आमच्या धंद्यातून पटलं. उर्दू शायरांच्या दिवानात गझला पहिल्या शब्दाप्रमाणे लावत नाहीत. ओळीच्या शेवटी येणाऱ्या अक्षराप्रमाणे लावतात. गझल शोधायची तर तिचा शेवट ठाऊक पाहिजे. ज्याला ही रीत माहीत नाही, तो अख्खा दिवान चाळतो आणि गझल यात नाहीच म्हणतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे गेलेल्यांनाही हा अनुभव असेल. तिथंही उपाध्याय आधी विचारतात, गाव कोणतं, आडनाव काय. मगच ते वही काढतात आणि तुमच्या पणजोबांच्या हातची सही दाखवतात.

या लावण्याची जी यादी असते तिला कुणी सूची म्हणतं, कुणी इंडेक्स, जुनी माणसं फेरिस्त म्हणतात. बस्त्यात काय आहे ते ही यादी सांगते. ती वाचायला शिकलात तर अर्धं काम झालं.

पण यादीकडे जाण्याआधी घरचा अभ्यास करायचा. एक कोरी वही घ्या. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसा. नावं विचाराच, पण त्याहून जास्त ठिकाणं विचारा. कुठे जन्म झाला, कोणत्या बाजाराला जायचे, शेताला कोणाचं शेत लागून होतं, आजोळ कुठलं, मयत कुठे झाली. निकाहनामे, लग्नपत्रिका, जुनी पोस्टकार्डं, शेतसाऱ्याच्या पावत्या, टीसी, सगळं पाहा. प्रत्येक माहितीपुढे ती कोणी सांगितली तेही लिहा.

आम्ही स्वतःला अकोलेवाले म्हणायचो. म्हणून मी दोन दिवस अकोला तालुक्यातल्या नोंदी पाहिल्या. काही मिळालं नाही. मग फूफी आठवली. नव्वदीच्या घरात आलेली, कानानं कमी ऐकणारी. तिला गावाचं नाव नीट सांगता येईना. पण ती म्हणाली, ‘‘मुर्तिजापूरसे शकुंतला में बैठते, अचलपूर के बाजू जाते.’’ कुठल्या ठेसनावर उतरून किती पायी चालायचं, तेही तिला आठवत होतं. शकुंतला म्हणजे आपली ती छोट्या रुळांची गाडी, आता ती धावत नाही. पण त्या गाडीने माझ्यासाठी तालुका ठरवून दिला. आजोबा अकोल्यात आले ते जिनात कामाला म्हणून. मूळ गाव मुर्तिजापूर तालुक्यात होतं. जिल्ह्याच्या जनगणना पुस्तिकेत तालुकावार गावांची यादी असते. ती फूफीला वाचून दाखवली. एका नावावर तिने मान हलवली.

इथं एक गोम आहे. गाव जागेवर राहतं, पण त्याचा तालुका आणि जिल्हा बदलत राहतो. इंग्रजी अमलात वऱ्हाडाचे सहा जिल्हे होते: अमरावती, अकोला, एलिचपूर म्हणजे अचलपूर, बुलढाणा, वाशीम आणि वणी, ज्याचं पुढं यवतमाळ झालं. 1905 मध्ये फेररचना झाली. एलिचपूर जिल्हा अमरावतीत मिळाला. वाशीम जिल्हा मोडून त्यातले वाशीम आणि मंगरूळ अकोल्याला आले. खामगाव आणि जळगाव जामोद अकोल्यातून बुलढाण्याला गेले. आणि आमचं मुर्तिजापूर, जे तोवर अमरावती जिल्ह्यात होतं, ते अकोल्याला आलं. म्हणजे मुर्तिजापूरच्या माणसाला 1905 च्या आधीचं काही हवं असेल तर त्याने अमरावतीच्या नावाखालीही शोधलं पाहिजे. पुढे 1998 मध्ये वाशीम पुन्हा वेगळा जिल्हा झाला. तेल्हारा, पातूर, बार्शीटाकळी, वरूड, भातकुली, अंजनगाव सुर्जी हे तालुके तर फार नंतरचे. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर गावाची कुंडली मांडा: कोणत्या वर्षी कोणता तालुका, कोणता जिल्हा. एकाच नावाची दोन-तीन गावं असतात, बुद्रुक आणि खुर्द असतात, तेही टिपून ठेवा.

यासाठी जुनी गॅझेटियर उपयोगी पडतात. आल्फ्रेड लायल यांचं वऱ्हाडचं गॅझेटियर 1870 चं आहे. अकोला जिल्ह्याचं 1910 चं आणि अमरावतीचं 1911 चं आहे. राज्य सरकारने नंतर काढलेली अमरावतीची आवृत्ती 1968 ची, अकोल्याची 1977 ची. त्यात तुमच्या आजोबांचं नाव मिळणार नाही. तुमचं गाव तेव्हा कोणत्या कचेरीच्या ताब्यात होतं, ते मिळेल.

आता कोणता कागद कुठे, ते पाहू. वऱ्हाडात सर्वांत जास्त कामाला येतं ते कोतवाल बुक. म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची नोंदवही, सरकारी भाषेत गाव नमुना 14. जुनी कोतवाल बुकं बहुधा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात. त्यात मुलाचं नाव असेलच असं नाही. बापाचं नाव, त्याची जात, मुलगा की मुलगी आणि तारीख एवढंच पुष्कळदा असतं. मूल जन्मलं की लगेच नोंद, आणि नाव ठेवायचं ते नंतर. म्हणून कोतवाल बुकात वडिलांचं नाव शोधत बसू नका. त्यांच्या वडिलांच्या नावापुढे त्या वर्षी कोणतं अपत्य लिहिलं आहे, ते पाहा.

दुसरं, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. त्यातला अनुक्रमांक टीसीवर लिहिलेला असतो. तो नंबर सांगितला तर मुख्याध्यापकांना पान काढायला वेळ लागत नाही.

तिसरं, जमिनीचे कागद. वऱ्हाडात 1860 नंतर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली. त्यामुळे शेत करणाऱ्याचं नाव थेट सरकारी दप्तरात आलं. भूमी अभिलेख कचेरीत पक्का बुक, शेतवार पत्रक, क्लासर रजिस्टर अशा नावांच्या वह्या असतात. विदर्भात 1954-55 चं अधिकार अभिलेख पत्रकही फार मोलाचं आहे. या सगळ्यांची किल्ली म्हणजे सर्व्हे नंबर. आजचा गट नंबर घेऊन गेलात तर जुना नंबर कोणता, हे आधी विचारा.

चौथी गोष्ट, दुय्यम निबंधक कचेरीतले इंडेक्स. 1908 च्या नोंदणी कायद्यात ही व्यवस्था आहे. इंडेक्स वन माणसांच्या नावाने लावलेला असतो, लिहून देणारा आणि घेणारा दोघांच्याही. इंडेक्स टू मिळकतीच्या गावाने लावलेला असतो. ठराविक फी भरून हे दोन्ही कोणालाही पाहता येतात. इंडेक्स थ्री मृत्युपत्रं आणि दत्तकाच्या अधिकारपत्रांसाठी असतो. तो मात्र सर्वांना खुला नाही. सगळ्या सरकारी दप्तरात माणसाच्या नावाने उघडणारं दार बहुतेक हेच, म्हणून ते विसरू नका. ‘शेख’ खाली मिळालं नाही तर मूळ नावाखाली पाहा. गणपत ‘गणू’ असेल, कासम ‘काशा’ असेल.

कलेक्टर कचेरीतलं जुनं प्रकरण हवं असेल तर त्याच्या नंबराकडे नीट बघा. त्यात प्रकरणाचा अनुक्रमांक, विषयाचं शीर्ष आणि महसुली वर्ष एकापुढे एक लिहिलेलं असतं. महसुली वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, म्हणून 1954-55 असं जोडवर्ष दिसतं. शिवाय प्रत्येक फाइलवर अ, ब, क, ड असा वर्ग असतो. ‘अ’ वर्ग कायम ठेवायचा, ‘ब’ तीस वर्षं ठेवायचा, ‘ड’ वर्षभराने काढून टाकायचा. तुमचं प्रकरण कोणत्या वर्गात होतं हे कळलं, की ते शिल्लक असण्याची आशा धरायची की नाही तेही कळतं. अर्ज करताना ‘माझ्या आजोबांचे कागद द्या’ असं लिहू नका. मौजा, तालुका, वर्ष, रजिस्टरचं नाव आणि मिळाल्यास अनुक्रमांक लिहा. अशा अर्जाला नाही म्हणणं कठीण जातं.

वाचताना काही शब्द अडतात. ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा. हा शब्द हिंदू, मुसलमान सगळ्यांच्या नावात येतो. किसन वल्द गणू कुणबी, असं. ‘जौजे’ किंवा नुसतं ‘ज.’ म्हणजे अमक्याची बायको. ‘बेवा’ म्हणजे विधवा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बरेच कागद मोडीत आहेत, काही उर्दूत. दोन्हींचे जाणकार आपल्या भागात अजून आहेत, त्यांना मान आणि मेहनताना देऊन वाचून घ्या. साल फसली असेल तर त्यात 590 मिळवा. फसली 1270 म्हणजे इसवी 1860-61. आणि इंग्रजी यादीत जुनी स्पेलिंगं लक्षात ठेवा. अमरावती तिथं ‘उमरावती’ होऊन ‘ओ’ अक्षराखाली बसलेली असते, अचलपूर ‘ई’ खाली, वऱ्हाड ‘बी’ खाली.

मी मुर्तिजापूरला गेलो ते हे सगळं शिकून. मौजा सांगितला. वर्ष सांगितलं 1936 ते 40. यादीवरून बुक निघालं. पानं इतकी पिवळी, की बोट लावायची भीती वाटावी. 1938 च्या पानावर ओळ होती: बापाचं नाव चांद वल्द इमाम, जात पिंजारी, मुलगा. माझ्या चुलत्यांचा जन्म. लिहिणाऱ्याला आमच्या धर्माशी काही देणंघेणं नव्हतं. त्याने गावात जे म्हणायचे तेच लिहिलं होतं. शाळेने जे पुसलं, ते कोतवालानं जपलं होतं.

पण ओळ सापडली म्हणजे ती आपलीच, असं नसतं. चांद नावाचे गावात दोघं असू शकतात. मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे. कमीत कमी तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत, आणि त्या वेगवेगळ्या कागदांतून. इथं बापाचं नाव जुळलं, गाव जुळलं आणि चुलत्यांच्या शाळेच्या रजिस्टरातली जन्मतारीख काही दिवसांच्या फरकाने जुळली. मगच मी नकलेचा अर्ज केला. गरजेच्या घाईत परक्याचा आजोबा आपल्या घरात आणू नये. कागद कोर्टात टिकला नाही तर पोरांचं नुकसान होतं, आणि टिकला तरी ते खोटंच.

ज्यांना याहून मागे जायचं आहे, त्यांनी वऱ्हाडावर कुणाचं राज्य कधी होतं ते डोळ्यांपुढे ठेवावं. 1853 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. त्या वर्षी फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे आलं आणि कारभार हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत चालू लागला. 1903 पासून तो नागपूरला जोडला गेला. 1956 मध्ये आपण मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आलो. राजधानी बदलली तसे कागद त्या त्या गावी साठले. म्हणून मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारच्या फायली नागपूरच्या पुराभिलेखागारात शोधायच्या. रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शोधायचा. त्यांची सूची ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते. मोगल आणि निजामी फारसी दप्तर हैदराबादला तारनाक्याच्या राज्य पुराभिलेखागारात आहे. त्यातल्या शाहजहानच्या काळच्या निवडक कागदांचा खंड 1950 मध्ये आणि औरंगजेबाच्या काळचा 1958 मध्ये छापला गेला. त्या दप्तरात शिपायांचे चेहरेपत्रक असतात. त्यात शिपायाचं नाव, बापाचं नाव, राहण्याचं ठिकाण आणि तोंडावरचा तीळ किंवा व्रणसुद्धा लिहिलेला असतो. ज्यांचे पूर्वज देशमुख, देशपांडे, काझी, जहागीरदार होते किंवा फौजेत होते, त्यांना तिथं काही मिळू शकतं. आमच्यासारख्या पिंजाऱ्याला बादशहाच्या दप्तरात कोण विचारतो? आमची वंशावळ कोतवालापासून सुरू होते. त्याचं मला वाईट वाटत नाही.

सप्टेंबर 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. तिच्या कामामुळे एक फायदा सगळ्यांनाच झाला. कोणकोणत्या खात्याच्या कोणत्या वहीत जात लिहिलेली असते, याची लांबलचक यादी तयार झाली. खासरा पत्र, 1951 चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर, भाडेचिठ्ठी, बटईपत्र, तुरुंगाचं आणि पोलिसांचं रजिस्टर, वक्फकडचे मुंतखब, किती तरी. कोणत्याही जातीधर्माच्या माणसाला ती वाट दाखवते. महसूल खात्याच्या ‘आपले अभिलेख’ या सोयीत जमिनीचे जुने कागद स्कॅन करून ठेवले आहेत, आणि सुरुवातीच्या सात जिल्ह्यांत अकोला आणि अमरावती दोन्ही होते. तिथंही मशीन आधी काय विचारतं? जिल्हा, तालुका, गाव. कारकुनाचंच वाक्य.

पोरीला प्रमाणपत्र मिळालं, प्रवेशही झाला. गोष्ट इथं संपायला हवी होती. पण प्रकरणासाठी वंशावळीचं शपथपत्र लिहिताना तिने मला विचारलं होतं, ‘‘दादा, यात सगळे पुरुषच कसे? चांद पिंजाऱ्याच्या बायकोचं नाव काय?’’ मी गप्प झालो. माझ्या सख्ख्या दादीचं नाव मला ठाऊक नव्हतं. घरात तिला माँ म्हणायचे, गावात पिंजारीन बुढी. फूफीलाही आपल्या आईचं नाव सांगता येईना. कोतवाल बुकात आईचा रकानाच नव्हता.

मग मी पुन्हा मुर्तिजापूरला गेलो, या वेळी दुय्यम निबंधकाकडे. आमच्यात मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा असतो. वाटा असला की तो विकतानाही तिचा अंगठा लागतो. दादीचं माहेर तिथून दोन कोसांवरचं. त्या गावाच्या नावाने इंडेक्स टू पाहिला, मग त्यावरून इंडेक्स वन. 1944 च्या एका खरेदीखतात भावांच्या नावांनंतर तिचं नाव होतं: हुसैनबी जौजे चांद पिंजारी. नकलेत शेवटी लिहिलं होतं, निशाणी डावा अंगठा.

घरी येऊन फूफीच्या कानाशी ते नाव मोठ्याने म्हटलं. तिने दोनदा पुन्हा म्हणायला लावलं. नातीने शपथपत्राच्या आमच्या प्रतीवर चांदच्या शेजारी पेन्सिलीने ते लिहिलं. सरकारला त्याची गरज नव्हती, आम्हाला होती.

एक विनंती करतो. कागदाची गरज पडेपर्यंत थांबू नका. या रविवारीच वही काढा. घरातल्या म्हाताऱ्यांना गावं विचारा आणि बायकांची नावं विचारा. पेटीत कोणता कागद आहे याची एक यादी करा आणि ती पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. पुढे कुणी आपल्याला शोधायला निघेल, तेव्हा त्याच्या हातात निदान मौजा तरी असेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)